काल वाजलं

डेटन, ओहायो
१८ ऑगस्ट २०१५

प्रिय आर्वेला वहिनी,

एस्टिलदादा सापडला. हे बसून वाचा, उभ्याने नको.

शनिवारी इथे एका गेलेल्या माणसाचं सामान त्याच्या मुलांनी अंगणात मांडून विकायला काढलं होतं. मी आपला नेहमीप्रमाणे रेकॉर्डींच्या खोक्यात हात घालून बसलो. वरती सगळा कचरा, आणि तळाशी, एका फुटक्या ताटलीखाली, दादाची रेकॉर्ड. तीच पिवळी चिठ्ठी, त्यावर पक्ष्याचं चित्र. ‘खोऱ्यातलं ऊन’. मी ती छातीशी धरून जागचा हलेना, तेव्हा विकणारी पोरगी म्हणाली, “आजोबा, पाणी देऊ का?”

कारखाना बंद पडल्यापासून तळघरात इंटरनेटवरचा रेडिओ चालवतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. डोंगरातली गाणी, डोंगर सोडून इथे पोट भरायला आलेल्यांसाठी. आमची ही, ज्युएल, म्हणायची, तुझ्या रेडिओला ऐकणाऱ्यांपेक्षा तळघरात उंदीर जास्त. आता ती काही म्हणत नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवी बाजू गेली ती गेलीच. पण गाणं लागलं की डाव्या हाताने पांघरुणावर ताल धरते.

रेकॉर्ड धुतली, पुसली, कॉम्प्युटरवर घेतली आणि यादीत घातली. यंत्र आपल्या क्रमाने गाणी लावत जातं. काल दुपारी दादा वाजला! ऐकलात का? दुसऱ्या कडव्यात त्याला ठसका लागलाय, तेवढा यंत्राने काढून टाकता येईल. बाकी आवाज असा स्वच्छ, की वाटावं वरच्या खोलीत बसून गातोय.

तुमचा,
वर्लिन

*

सायकॅमोर खोरं, केंटकी
२४ ऑगस्ट २०१५

वर्लिन,

पत्र बसूनच वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आधी महत्त्वाचं. त्या ठसक्याला हात लावशील तर याद राख. तो ठसका नाही, एस्टिल हसलाय. गाणं भरलं तेव्हा मी दुकानाच्या मागच्या खिडकीबाहेर उभी होते. आत यायची मनाई होती, म्हणून काचेला नाक लावून त्याला वेडावून दाखवत होते. दुसऱ्या कडव्यात त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्याला हसू फुटलं. पुन्हा भरायला दुकानदार तयार नव्हता, फीत महाग. तसंच राहिलं. घरी येताना मला म्हणाला, “बये, तू माझं गाणं नासवलंस.” दोन वर्षांनी खाणीचं छत त्याच्यावर आलं. आणि सत्त्याहत्तरच्या पुरात घरातल्या सगळ्या रेकॉर्डी वाहून गेल्या. तेव्हापासून तो आवाज मी ऐकलेला नाही. फोटो आहेत. फोटोत तो कुठेच हसत नाही, त्याला दाताची लाज वाटायची.

तू फोन करत होतास म्हणे. फोनवर मला आता नुसती गिरणी चालल्यासारखं ऐकू येतं. उजवा कान गेल्या वर्षीच गेला. डाव्याच्या आत गाठ आहे. लेक्सिंग्टनचा डॉक्टर म्हणतो काढलीच पाहिजे, नाहीतर डोक्यात सरकेल. आणि काढली की डावाही गेला. नाताळानंतर काढू म्हणाला. हेडफोन घट्ट लावला तर अजून गाणं नीट ऐकू येतं.

खोऱ्यात इंटरनेट नाही. गावातल्या लायब्ररीत आहे. चर्चची गाडी आम्हा म्हाताऱ्यांना मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिथे सोडते आणि जेवायच्या आत परत आणते. तेव्हा तू मला फक्त वार आणि वेळ कळव. ते हसू एकदा ऐकलं, की मग कान खुशाल जाऊ देत.

आर्वेला

*

डेटन
२९ ऑगस्ट २०१५

प्रिय वहिनी,

कानाचं वाचलं आणि तसाच लिहायला बसलो. हसण्याला हात लावणार नाही, शब्द देतो.

पण वार आणि वेळ सांगता येत नाही. रागावू नका, समजून घ्या.

आम्हा इंटरनेटवाल्यांना गाणी लावायचा जो परवाना मिळतो, तो अटींवर. कुठलं गाणं कधी लागणार हे आधी सांगायचं नाही. ऐकणाऱ्याने मागितलेलं गाणं त्याने सांगितलेल्या वेळी लावायचं नाही. एकाच गायकाची गाणी लागोपाठ लावत बसायचं नाही. उद्देश सरळ आहे. लोक वेळ गाठून बसले आणि फुकटात गाणं उतरवून घेऊ लागले, तर रेकॉर्ड कोण घेईल? गाण्याच्या मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून हे सगळं, आणि मला ते पटतं. वाजून गेल्यावर मात्र सांगायला काही हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, हा कुठला आलाय कायद्याचा पुतळा. पण पोळलोय मी. मागे एका उपदेशकाची अख्खी रेकॉर्ड सलग लावली, तर वकिलाचं पत्र आलं. पुन्हा असं झालं तर परवाना जाईल, असं स्वच्छ लिहिलं होतं. इंडियानातला माझा मित्र लोनी तर स्टेशन बंद करून आता मासे पकडत बसतो.

रेकॉर्डीची नक्कल काढून पाठवणंही नियमात बसत नाही. माझा परवाना ऐकवायचा आहे, वाटायचा नाही.

पण यंत्रावर भरवसा ठेवा. गाणं यादीत आहे, म्हणजे फिरून फिरून येणारच. मंगळवार-शुक्रवार बसत राहा, एक ना एक दिवस गाठ पडेल.

परवा संध्याकाळी वाजलं.

वर्लिन

*

सायकॅमोर खोरं
४ सप्टेंबर २०१५

वर्लिन,

मंगळवारी बसले. आज बसले. लायब्ररीतली ट्रीना बिचारी हेडफोन माझ्या डाव्या कानावर नीट बसवून देते आणि घडी घडी येऊन खुणेने विचारते, लागलं का? मी मान हलवते. लोकांचे नवरे गाऊन गेले, लोकांचे बाप गाऊन गेले. एक जण तर शेजारच्या खोऱ्यातला दारुडा, जिवंत असताना त्याचं तोंड बघितलं नसतं मी. त्याची दोन गाणी झाली. माझा नाही आला.

मी काय ते गाणं उतरवून बाजारात विकणार आहे? माझ्याच नवऱ्याचं? बरं, रेडिओवर सांगू नकोस. मला एकटीला चिठ्ठीत सांग. वाचून चुलीत घालते. कोण बघायला बसलंय?

नाहीतर रेकॉर्ड घेऊन तूच ये. मी आले असते, पण गाडीत दहा मैलांपलीकडे गेलं की सगळं जग गरगरतं आणि पोटातलं बाहेर येतं. ही गाठच तसं करते म्हणे.

मक्याची भाकरी करेन, शेंगा वाळवून ठेवल्यात. ये.

आर्वेला

*

डेटन
१२ सप्टेंबर २०१५

प्रिय वहिनी,

काल वाजलं. शुक्रवारच होता! पण लागलं ते दिवेलागणीला, तुमची गाडी तेव्हा कधीच परतली असेल. फार हळहळलो.

येता येत नाही हो. ज्युएलला कुशीवर वळवायलाही मीच लागतो. रेकॉर्ड पोस्टाने पाठवावी असं मनात आलं, खोकंसुद्धा काढलं. मग आठवलं, लोनीने मला एकदा एक पाठवली होती, तिचे चार तुकडे हातात आले. ही बहुधा जगात एकच उरलीय. फुटली तर तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

चिठ्ठीत सांगणं म्हणजे आधी सांगणंच. एकाला सांगितलं काय आणि शंभरांना काय, नियम तोच. मी आयुष्यभर कारखान्यात तपासनीस होतो. केसभर फरक असला तरी दरवाजा परत पाठवायचो. लोक शिव्या देत, पण माझ्या हातून गेलेल्या गाडीचा दरवाजा कधी निखळला नाही. ती सवय आता काय जाणार? आणि एकाचं ऐकलं तर स्टेशनवर अवलंबून असलेल्या बाकीच्यांना काय सांगू? तसंही आमच्यासारख्या लहानग्यांना परवान्याच्या दरात मिळणारी सवलत डिसेंबरअखेर संपतेय. पुढचे दर मला झेपणारे नाहीत. निदान शेवटपर्यंत तरी वाकडं पाऊल पडू नये.

एक सहज विचारतो. ही रेकॉर्ड काढली कोणी? चिठ्ठीवर पक्षी आहे, नाव नाही. तुम्ही दुकानदार म्हणालात, तो कोण? त्याच्यामागे कोणी आहे का?

वर्लिन

*

सायकॅमोर खोरं
२० सप्टेंबर २०१५

वर्लिन,

तुझ्या दरवाजांचं कौतुक वाचलं. माझं दार मात्र तू बरोबर लावून घेतलंस.

दुकानदार म्हणजे हॉबर्ट राटलिफ. खाणीच्या फाट्यावर दुकान होतं. पीठ, खिळे, बूट, शवपेट्या, सगळं एका छपराखाली. मागच्या खोलीत कोंबड्यांच्या दाण्याची पोती रचून मध्ये यंत्र मांडलं होतं, पोत्यांनी आवाज घुमत नाही म्हणून. एस्टिल घरी आला की त्याच्या केसांतून दाणे पडायचे.

एक नंबरचा चिकट माणूस. एस्टिलला कबूल केलेलं काही हातावर ठेवलं नाही. आज देतो, उद्या देतो. मग एस्टिल गेला. माती देऊन आलो त्याच आठवड्यात हा गाडी घेऊन दारात. उरलेल्या रेकॉर्डींची खोकी, मोठी फीत, साचे, सगळं ओसरीवर उतरवलं. म्हणाला, “आर्वेला, घे, आता हे सगळं तुझं. माझा संबंध संपला.” कागदावर सहीसुद्धा करून दिली, मोठा व्यवहार केल्यासारखी. घरात पीठ नव्हतं आणि हा मला गाणी देत होता! मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्याची पोरगी गाडीजवळ उभी होती, तिने कानांवर हात ठेवले. दोन वर्षांत पूर आला आणि खोकी, फीत, कागद, चूल, सगळंच घेऊन गेला.

तो कधीच मेला. पोरीचं नाव वनीटा, ती लग्न होऊन फ्लोरिडात गेली असं ऐकलं होतं.

तुला हे सगळं कशाला हवंय? मला वार आणि वेळ हवीय.

आर्वेला

*

डेटन
५ ऑक्टोबर २०१५

प्रिय वहिनी,

राटलिफला तुम्ही घातलेल्या शिव्या वाचून असा हसलो की वरून ज्युएलने पलंगावर हात आपटला. मग तिलाही वाचून दाखवलं. तिच्या तोंडाचा जो कोपरा हलतो, तो हलला. देव तुमचं भलं करो.

एक खटपट चालवली आहे. काय ते विचारू नका. जमलं तर तुम्हाला नियमाच्या अंगणात बसवूनच गाणं ऐकवेन, तुम्ही म्हणाल त्या वारी, म्हणाल त्या वेळी, आणि कोणा वकिलाची माझ्याकडे बोट दाखवायची छाती होणार नाही. कायद्याच्या गोष्टी आहेत, पत्रात समजावत बसलो तर तुमचं डोकं उठेल. नाताळापर्यंतचा वेळ आहे आपल्या हाती. तेवढा दम धरा.

परवा वाजलं. सकाळीच. शनिवार नसता तर!

वर्लिन

*

सायकॅमोर खोरं
३० ऑक्टोबर २०१५

वर्लिन,

मंगळवारी लायब्ररीच्या पायरीवर पडले. पाय मोडला नाही, पण तोल आता भिंत धरल्याशिवाय राहत नाही. ट्रीनाने उचलून खुर्चीत बसवलं आणि मला आधी हेडफोन लावून दिला, मग गुडघा पुसला. तुझ्यापेक्षा तिला जास्त कळतं.

आवाज आता जाड पडद्याआडून येतात. बँजो ओळखू येतो. माणसाचा आवाज ओळखायला कपाळ आवळून बसावं लागतं. एस्टिलचा अजून ओळखेन.

एक कर. वाजून गेलं की कळवत जाऊ नकोस. प्रत्येक वेळी पाकीट फोडताना मला वाटतं यात वेळ असेल, आणि आत असतं, काल वाजलं. जेवून झालेल्या ताटाचं वर्णन कशाला पाठवतोस?

मी आता पुन्हा मागणार नाही.

आर्वेला

*

डेटन
२१ नोव्हेंबर २०१५

प्रिय वहिनी,

बरेच दिवस तुमचं पत्र नाही. रागावलात ते कळतंय.

खटपट जमत आली आहे! आज न राहवून एवढं सांगतो, मी एका माणसाला शोधत होतो आणि तो माणूस, म्हणजे बाई, सापडली. पत्ता मिळवताना नाकी नऊ आले. चर्चची लोकं, जुन्या शाळेची लोकं, कुठे कुठे लिहिलं. आता तिला सविस्तर पत्र टाकलंय. तिच्याकडून एक ओळ आली की बस्स.

नाताळाच्या आधीचा तुमचा कुठलाही मंगळवार. तुम्ही निवडा. मी आठ दिवस आधीपासून रेडिओवरून ओरडून सांगेन.

कधी वाजलं ते लिहीत नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून.

वर्लिन

*

सायकॅमोर खोरं
८ डिसेंबर २०१५

वर्लिन,

ऑपरेशन झालं. त्या पडण्यानंतर डॉक्टरने तारीख अलीकडे घेतली, २४ नोव्हेंबर. तुला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर ते पुन्हा मागितल्यासारखं झालं असतं.

तुझं एकविसाचं पत्र मी घरी आल्यावर वाचलं. मंगळवार निवडा म्हणतोस. माझा मंगळवार दवाखान्यात गेला.

गाठ निघाली. तोंडाची डावी बाजू खाली ओघळलीय, चहा पिताना कोपऱ्यातून गळतो. आता तुझी ज्युएल आणि मी समोरासमोर बसलो तर दोघींचं मिळून एक तोंड होईल.

ऐकू काही येत नाही. लोक समजतात शांत वाटत असेल. शांत नाही. आत दिवसरात्र घोंघावतं, खाणीतल्या पंख्यासारखं. मी एस्टिलचा आवाज आठवून त्याच्यावर ठेवायला बघते, तर तो खाली दबून जातो.

जायच्या आधीच्या शुक्रवारी लायब्ररीत शेवटचं बसले होते. गाडीवाल्याला सांगून दुपारपर्यंत थांबले. ट्रीनाने आपल्या डब्यातलं दिलं. आला नाही.

खटपट काय होती ते आता सांगितलंस तरी चालेल. डोकं उठायचं ते उठून झालंय.

आर्वेला

*

डेटन
१५ डिसेंबर २०१५

वहिनी,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

खटपट ही होती. सगळे नियम गाण्याच्या मालकासाठी आहेत. मालकाने स्वतः हो म्हटलं, तर नियम लागूच होत नाहीत. मग आधी सांगा, हव्या त्या वेळी लावा, दिवसातून दहादा लावा, नक्कल काढून पाठवा, कोणी विचारणार नाही. म्हणून मी मालक शोधत होतो. राटलिफ मेला, म्हणजे हक्क त्याच्या मुलीकडे गेला असणार, असा माझा हिशोब. तुम्हाला अचानक आनंद द्यायचा म्हणून बोललो नाही.

वनीटाचं उत्तर काल आलं. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो.

“ती खोकी मीच गाडीतून उतरवली होती. वडिलांनी ती रेकॉर्ड सगळ्या हक्कांसकट त्या बाईला लिहून दिली होती, त्यांच्या वहीत तशी नोंदही होती. घरी परतताना ते म्हणाले, गाणं आता त्या विधवेचंच. आमचा त्यावर काडीचा हक्क नाही. तुम्ही चुलतदीर ना तिचे? मग माझा पत्ता शोधत एवढे फिरलात, तिलाच का नाही विचारलंत?”

मालक तुम्ही आहात, वहिनी. पहिल्या दिवसापासून तुम्हीच होतात. मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून मी मालकालाच गाणं ऐकू दिलं नाही.

आणि तुम्ही मला सांगितलंही होतंत. तुमचं सप्टेंबरचं पत्र काढून बघितलं. ‘हे सगळं तुझं’, आणि कागदावर सही. सगळं स्वच्छ लिहिलंय. मी ते वाचून हसलो होतो. ज्युएलला हसवलं होतं. आयुष्यभर केसभर फरक पकडणारा मी, आणि समोर अख्खा दरवाजा उघडा होता.

वनीटाचं पत्र ज्युएलला वाचून दाखवलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

स्टेशन ३१ तारखेला बंद होतंय. काय करू ते तुम्हीच सांगा. काही करू नको म्हणालात, तर तेही कबूल.

वर्लिन

*

सायकॅमोर खोरं
२० डिसेंबर २०१५

वर्लिन,

रडून कागद ओला करून पाठवू नकोस, अक्षर फुटतं आणि आता मला अक्षराशिवाय दुसरं काही उरलेलं नाही.

तुला परवानगी हवी होती ना? घे. ‘खोऱ्यातलं ऊन’ लावायला माझी परवानगी आहे. मंगळवार, २९ तारीख, सकाळी अकरा वाजता. आजपासून रोज सांग. गायकाचं नाव सांग, गाण्याचं नाव सांग, वार सांग, वेळ सांग. जे जे आधी सांगायचं नसतं ते सगळं सांग. ज्याला उतरवून घ्यायचं असेल त्याला घेऊ दे.

हसू तसंच ठेव.

आर्वेला

*

सायकॅमोर खोरं
८ जानेवारी २०१६

वर्लिन,

तुझं पत्र मिळालं. तळघरातली यंत्रं बंद केलीस, तारा गुंडाळल्यास. तू म्हणतोस रोज सांगत होतास, म्हणून त्या मंगळवारी अकराला स्टेशनच्या जन्मात नव्हते इतके लोक ऐकत होते. लोनीने मासे सोडून ऐकलं. टेक्सासमधून कोणी लिहिलं. बरं झालं. तू आणखी लिहितोस, वहिनी, हवं तर मी गाणं अक्षरन् अक्षर लिहून पाठवतो, कुठे आवाज चढतो, कुठे उतरतो. नको. ते माझ्याकडे आहे. जे माझ्याकडे नव्हतं ते लिहून येत नाही.

मी गेले होते. गाडी नेहमीप्रमाणे आली, मी नेहमीप्रमाणे बसले. ट्रीनाला वाटलं मी पुस्तक बदलायला आलेय. मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने स्टेशन लावलं आणि सवयीने हेडफोन माझ्या डाव्या कानावर बसवायला लागली. मी तो तिच्या डोक्यावर ठेवला. म्हटलं, तू ऐक.

माझं बोलणं मला ऐकू येत नाही, फार मोठ्याने बोलले असेन, कारण सगळ्यांनी वळून बघितलं.

भिंतीवर घड्याळ आहे. अकरा वाजले. ट्रीनाने मान हलवली, लागलं. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. पहिलं कडवं किती चालतं ते मला माहीत आहे, मी मनात म्हणत होते. दुसरं सुरू झालं असेल तिथे मी तिचा हात धरला. तिच्या तोंडावर काही हललं नाही. ती चांगली पोरगी आहे, ती माझ्याकडे बघून हसली, पण ते मी म्हातारी म्हणून. तेवढ्यात गाणं संपलं असणार, तिने हेडफोन काढला.

मी विचारलं, तो हसला का?

तिने कागद ओढला आणि लिहिलं, ‘फार छान होतं. मध्ये एकदा खोकला आला त्यांना.’

कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. खाली गाडी थांबली होती.

रेकॉर्ड तुझ्याकडेच असू दे. आणि कोणी तुझ्याकडे हे गाणं लावायची परवानगी मागायला आलं, तर त्याला माझ्या दारात पाठव.

आर्वेला
गाण्याची मालकीण